दम धरा, पण पाण्यात नको

पत्र : मी परभणी जिल्ह्यातला. वय ४१. कृषी सेवा केंद्र चालवतो. दोन वर्षांपूर्वी अंदमानला गेलो तेव्हा स्कूबाचा ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीचा, कोर्स केला. कोर्स धरून आजवर सहा डाइव्ह झाल्यात. आता पुण्यातला कॉलेजचा मित्र फेब्रुवारीत मालदीवला लिव्हअबोर्डवर जायचं म्हणतोय. सात रात्री बोटीवरच राहायचं, दिवसाला तीन-चार डाइव्ह मारायच्या. मलाही चल म्हणून मागं लागलाय. पाण्याची भीती नाही, विहिरीत शिकलोय, दीड मिनिट दम धरतो. पण बोटीवर रात्र कधी काढली नाही. बीपीची एक गोळी चालू आहे, ती त्यांना सांगावी का? काय काय विकत घ्यावं? इंटरनेटवरच्या याद्या बघून डोकं गरगरलं. आणि मायचा एकच प्रश्न, “रातच्याला बोट कुठं थांबती?” त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. पैसे भरायची मुदत पुढच्या महिन्यात आहे. — विहीरपट्टू

भाऊ,

पोळ्याच्या आदल्या दिवशी तुमचं पत्र हाती पडलं. ‘दीड मिनिट दम धरतो’ हे वाचलं आणि गेवराईजवळची माझ्या मामाची विहीर डोळ्यांपुढं आली. पाठीला वाळलेला भोपळा बांधून मामानं मला काठावरून ढकललं, तेव्हा मी आठ वर्षांची होते. दोन उन्हाळ्यांत भोपळा सुटला, मग पैजा सुरू झाल्या. तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येईल तो खरा. नुसतं ‘टेकलो’ म्हणून चालायचं नाही, मूठ उघडून दाखवावी लागायची. मी दोनदा आणला गाळ. त्याचा ताठा अजून गेलेला नाही, आणि त्याच ताठ्यानं पुढं समुद्रात मला गोत्यात आणलं. ते येईल ओघात.

आधी तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण पैसे भरायची मुदत जवळ आलीय. फेब्रुवारीत जावं का? आज आहात तसे, सहा डाइव्ह आणि दोन वर्षांचा खंड घेऊन, जाऊ नका. मधल्या महिन्यांत तयारी झाली तर खुशाल जा. नाही झाली तर दम धरा, मालदीव कुठं पळून जात नाही.

कारण सांगते. ओपन वॉटरच्या कार्डावर तुम्हाला १८ मीटरपर्यंतची मुभा आहे. मालदीवच्या बोटी ज्या जागांसाठी प्रसिद्ध आहेत त्या बऱ्याचशा ‘कांडू’ असतात. प्रवाळबेटांच्या कड्याला जिथं खिंड पडते आणि बाहेरच्या समुद्राचं पाणी आत-बाहेर करतं, ती कांडू. तिच्या उंबऱ्यावर शार्क आणि मोठे मासे येतात, कारण तिथं ओढ असते. ओढ म्हणजे पुराच्या दिवसांत गोदावरी पुलाखालून जाते तशी, फक्त वरून पाणी शांत दिसतं. अशा ठिकाणी पंचवीस-तीस मीटरवर एका जागी टिकून राहायचं, बडीवर, म्हणजे पाण्यातल्या जोडीदारावर, नजर ठेवायची, हवेचा काटा बघायचा, हे सगळं एका वेळी. म्हणून तिकडच्या अनेक बोटी अ‍ॅडव्हान्स्ड, म्हणजे पुढच्या पायरीचं, कार्ड आणि तीस, कधी पन्नास डाइव्हची नोंद मागतात. मित्राला विचारू नका, बोटवाल्यांना लेखी विचारा : तुमची किमान अट काय, सहा डाइव्हवाल्याला घेता का, घेतलं तर त्याच्यासोबत वेगळा गाइड देता का, आणि अट पुरी झाली नाही तर पैसे परत मिळतात का. ‘या हो, काही होत नाही’ असं उत्तर आलं तर दुसरी बोट बघा. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा आकडा नसेल तर तुम्ही ती दुकानात ठेवाल का?

आता तयारी कधी करायची? तुमचा धंदा मला कळतो. सोयाबीन निघेपर्यंत उसंत नाही, लगेच हरभऱ्याच्या बियाण्याला रांग लागते. म्हणजे डिसेंबर. तोवर मालवणचा समुद्रही उघडलेला असतो, पावसाळ्यात तो बंदच असतो. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळ नेत्राणी बेट आहे. अंदमान तर तुम्ही पाहिलेलंच आहे. कुठंही जा, पण सहा-सात दिवस काढा. पहिल्या दिवशी उजळणी, मग अ‍ॅडव्हान्स्डचा कोर्स. त्यात पाच डाइव्ह असतात. खोल पाण्याची आणि दिशा ओळखण्याची सक्तीची, बाकीच्या तुम्ही निवडायच्या. तुम्ही एक तरंगण्याच्या तोलाची निवडा, एक प्रवाहाची आणि एक रात्रीची. कोर्स संपल्यावर उरलेल्या दिवसांत नुसत्या साध्या डाइव्ह मारा. मालवणचं पाणी दरवेळी काचेसारखं नसतं. सरावाला तेच बरं. गढूळ पाण्यात बडी सांभाळायला शिकलेला माणूस स्वच्छ पाण्यात गोंधळत नाही.

इथं एक गोष्ट, जी कोकणातल्या माणसाला कुणी सांगत नाही कारण त्याला लागत नाही. आपण घाटावरचे. डाइव्ह मारून त्याच संध्याकाळी गाडी काढली की आंबोलीचा घाट लागतो. आंबोली साधारण ७०० मीटरवर आहे. डाइव्हनंतर विमानात बसायचे जे नियम आहेत ते ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात, मग तुम्ही विमानानं चढा की बोलेरोनं. शेवटची डाइव्ह झाली की एक रात्र आणि दुसरा अर्धा दिवस समुद्रकाठीच काढा. मासे खा, झोपा. घाट दुसऱ्या दिवशी दुपारनंतर चढा.

हे असं का, ते तुमच्याच भाषेत सांगते. खाली दाबाखाली हवा घेतली की त्यातला नायट्रोजन अंगात मुरतो. रक्तात लवकर, चरबीत आणि सांध्यांत सावकाश, आणि निघतोही त्याच चालीनं. घाईनं वर आलात किंवा लगेच उंचावर गेलात तर त्याचे बुडबुडे होतात. त्यालाच डाइव्हर लोक बेंड्स म्हणतात. सांधे ठणकतात, कधी हातपाय बधिर पडतात, कधी त्याहून वाईट. काळ्या रानात पाऊस झाला की तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगता? वाफसा येऊ द्या, लगेच पाय घालू नका. अंगालाही वाफसा यावा लागतो. एका डाइव्हला पाणी कमी मुरतं, निचराही लवकर होतो. बोटीवर मात्र रोज तीन-चार, असे सहा दिवस, म्हणजे संततधार. मधल्या दोन-तीन तासांत निचरा पुरता होत नाही, शिल्लक राहत जाते. म्हणून सलग अनेक डाइव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास थांबायचं असं डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेची शिफारस सांगते, आणि बहुतेक बोटी सरळ २४ तास धरतात. परतीचं तिकीट काढताना हे आधी मोजा. शेवटची डाइव्ह किती वाजता, हे विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

हे मुरण्या-निघण्याचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानं, १९०८ साली, आणि प्रयोग केले होते शेळ्यांवर, दाबाच्या टाकीत. मला दरवेळी वाटतं, त्याला आपली उस्मानाबादी मिळाली असती तर ती त्या टाकीत शिरलीच नसती.

आज हे गणित मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर करतो. विकत घ्यायच्या वस्तूंत माझ्या मते हा पहिला. भाड्यानं मिळतो, पण मग आठवडाभर अनोळखी यंत्र डोळ्यांपुढं, आणि बोटीवर मिळालंच तर. साधा घ्या, आकडे मोठे दिसणारा. आणि डिसेंबरच्या सरावात तोच वापरा. तो टुकटुक करायला लागला की काय म्हणतोय, हे खोल पाण्यात कळून उपयोग नाही. एक कॉम्प्युटर दोघांत चालत नाही, मित्र कितीही जिगरी असला तरी. सकाळची डाइव्ह ज्याच्या मनगटावर होती त्याचाच हिशेब त्यात साठलेला असतो.

दुसरी वस्तू मास्क. स्वतःच्या चेहऱ्याला बसेल तो. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकानं हवा ओढा, हात सोडा. टिकला तर तुमचा. नवा असेल तर आतल्या काचेवर कारखान्यातला थर असतो, टूथपेस्टनं दोन-तीनदा घासा, नाहीतर धुकं धरतो. मिशा आहेत का? परभणीचे आहात म्हणजे असणारच. नाकाखालच्या मिशीवरून पाणी झिरपतं. वरून बोटभर जागा कातरा, किंवा मास्कमधलं पाणी काढायचा भरपूर सराव करा. मिशीचा निर्णय मी देत नाही.

तिसरी वस्तू म्हणजे पाण्यावर उभं राहणारं ते नारिंगी फुग्याचं नळकांडं, सोबत दोरीची रीळ. डाइव्हर त्याला एसएमबी म्हणतात. प्रवाहात गट पांगला तर एक मिनिटभर शोधायचं, कुणी दिसलं नाही तर सावकाश वर यायचं, पाच मीटरवर थांबून हे नळकांडं वर सोडायचं. वर उठलेल्या लाटांत तुमचं डोकं कुणाला दिसत नाही, ते नारिंगी टोक दिसतं. हे सोडताना दोरी पायात अडकते, माणूस तिच्यासोबत फुग्यासारखा वर ओढला जातो. म्हणून आधी जमिनीवर, मग तलावात, मग सरावाच्या डाइव्हला, असं दहावेळा करा. रात्रीच्या डाइव्हसाठी एक टॉर्च आणि एक छोटी राखीव. बाकी सगळं, वेटसूट, बीसीडी (हवा भरायचं जाकीट), रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडाशी देणारं यंत्र), फिन्स, बोटीवर भाड्यानं घ्या. मापं आधी कळवा. मालदीवचं पाणी २८-२९ अंशांचं, तीन मिलिमीटरचा सूट पुरतो. यादीतलं उरलेलं तिसाव्या-चाळिसाव्या डाइव्हनंतर घ्या. तोवर तुम्हाला काय हवं हे तुमचं तुम्हालाच कळेल.

आता ते दीड मिनिट. भाऊ, हे तुमचं भांडवल नाही, अडचण आहे. विहिरीत आपण काठावरची हवा छातीत भरून खाली जातो. खाली ती दाबली जाते, वर येताना परत होती तेवढी होते. छातीला काही होत नाही. सिलिंडरची गोष्ट उलटी आहे. दहा मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट, आणि रेग्युलेटर तुम्हाला त्याच दाबाची हवा देतो. ती छातीत कोंडून वर आलात तर दुप्पट जागा मागते. छाती काय रबराची आहे? शेवटच्या दीड-दोन मीटरमध्येसुद्धा भरल्या छातीनं दम धरून वर येणं फुप्फुसाला फाडू शकतं. कोर्समध्ये तुम्हाला पहिला नियम हाच सांगितला असणार, श्वास कधीच रोखायचा नाही. पण विहिरीत शिकलेल्यांचं अंग वेगळं ऐकतं. दचकलं की आपण पहिल्यांदा दम कोंडतो. मास्कमध्ये पाणी शिरलं, कोंडला. मासा समोर आला, कोंडला. माझी ही सवय जायला पंधरा डाइव्ह लागल्या. गाइडनं मला एक युक्ती दिली होती, पाण्याखाली मनात ओवी म्हणायची. जात्यावरच्या ओवीचा एक चरण घेताना आत, एक सोडताना बाहेर. आजीच्या ओव्यांचा असा उपयोग होईल हे आजीला ठाऊक नव्हतं.

दुसरं, विहीर तुम्हाला हात-पाय मारायला शिकवते, स्कूबात ते विसरायचं. तुम्हाला जमायला हवं ते न हलता एका पातळीवर राहणं, श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. हे जमलं की हवाही पुरते. तुमचा सिलिंडर पंचेचाळीस मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटांतच रिकामा होत असेल तर अख्खा गट तुमच्यासाठी वर येतो, आणि तिसऱ्या दिवशी तुमची कुणाला गाठ नको वाटते. विहिरीवर एक सराव मात्र करा, दहा मिनिटं उताणं पडून तरंगायचा. एकट्यानं पाण्यात दम धरायचा सराव बंद. चांगले पोहणारे त्यात शुद्ध हरपून गेलेत, आणि विहिरीत कुणाला कळतही नाही. आणि भाड्याचा सिलिंडर घेऊन विहिरीत किंवा येलदरीच्या धरणात उतरायचं मनात आलं असेल, तर ते मनातच राहू द्या. धरणाच्या तळाशी झाडं, जाळी, तारा असतात, आणि वर गाइड नसतो.

नायट्रॉक्सचं मित्र बोलला असेलच. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, नायट्रॉक्समध्ये बहुधा ३२. नायट्रोजन कमी म्हणून मुरतोही कमी, तेवढ्याच खोलीवर जास्त वेळ मिळतो. बोटीवर आठवडा काढणाऱ्यानं नायट्रॉक्सचा कोर्स करावाच. पण त्यानं जास्त खोल जाता येतं हा समज घातक आहे. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाला ३३ मीटरच्या आसपास मर्यादा पडते, त्याखाली ऑक्सिजनच विषासारखा वागू लागतो. तसंही मालदीवमध्ये मनोरंजनाच्या डाइव्हला ३० मीटरची कायदेशीर मर्यादा आहे. आणि सिलिंडरमधलं प्रमाण दर डाइव्हला स्वतः यंत्रानं मोजायचं, वहीत सही करायची. खताच्या पोत्यावर छापलेल्या आकड्यावर तुम्ही डोळे झाकून विश्वास ठेवता का, हे मी विचारत नाही.

बीपीची गोळी सांगावी का? सांगायचीच, आणि बोटीवर चढून नाही, आधी. प्रत्येक बोट आरोग्याचा फॉर्म भरून घेते. बीपी, दमा, साखर, हृदय, कानाचं ऑपरेशन, असल्या कुठल्याही प्रश्नाला ‘होय’ आलं की डॉक्टरची सही लागते. ती तुम्ही परभणीत किंवा इथं संभाजीनगरात एका दुपारी मिळवाल. बोटीवर डॉक्टर कुठून आणणार? मग पैसे भरून आठवडाभर डेकवर बसायचं. काही जण म्हणून खोटं ‘नाही’ लिहितात. त्यांना फक्त एक सांगा, खोटा फॉर्म भरलेल्याचा विमा दावा टिकत नाही. फिजिशियनकडं जाताना गोळीचं नाव आणि ‘दिवसाला चार वेळा दाबाखाली व्यायाम’ असं स्पष्ट सांगा. काही गोळ्या श्रमात हृदयाची गती वाढू देत नाहीत, तेव्हा गोळी बदलावी का हे तेच ठरवतील. तुम्ही मनानं बंद करू नका. त्याच फेरीत कानाच्या डॉक्टरला पडदा आणि मळ दाखवून घ्या.

कानावरूनच माझा ताठा उतरला. माझी पहिली बोट, तिसरा दिवस, सर्दी झाली. पैसे भरलेत, मूठ भरून गाळ आणणारी बाई मी, थांबते होय? नाक मोकळं करणारी गोळी घेतली आणि उतरले. जाताना कान छान सुटले. चाळीस मिनिटांनी वर येताना गोळीचा अंमल उतरला, आणि आत कोंडलेली हवा बाहेर निघेना. चार मीटरवर कानात कुणी दाभण घालतंय असं वाटलं, डोकं गरगरलं. त्यात सिलिंडरमधली हवा कमी, म्हणून परत खाली जाता येत नाही. कसं तरी इंचाइंचानं आले. आणि त्याहून मोठा मूर्खपणा म्हणजे गाइडला सांगितलं नाही, संध्याकाळी पुन्हा तयार होऊन बसले. नाकातून रक्त आलेलं त्यालाच दिसलं. उरलेले तीन दिवस मी डेकवर चहा पीत काढले, आणि रोज चार वेळा लोक वर येऊन मला मांटा रे कसा दिसला ते सांगत होते.

तर बोटीवर तुम्हाला जे शिकायचं आहे त्यातलं निम्मं हे : ‘ही डाइव्ह मी सोडतो.’ डाइव्हिंगचा जुना रिवाजच आहे, कुणीही, कधीही, कुठल्याही कारणानं डाइव्ह सोडू शकतो आणि कुणी कारण विचारत नाही. कान जड, झोप नीट नाही, मन लागत नाही, ब्रीफिंगमध्ये, म्हणजे डाइव्हआधीच्या सूचनांच्या बैठकीत, गाइडनं फळ्यावर प्रवाहाचा बाण काढला आणि तो बघून पोटात गोळा आला, यातलं काहीही चालतं. मी आता दर दिवसाची एक डाइव्ह सोडते, बहुधा दुपारची. चौथ्या दिवसापासून तर थकवा हाडांत बसतो, तेव्हा हटकून. तुमचा मित्र हसेल. हसू द्या. पहिल्या दिवशीच गाइडला बाजूला घेऊन सांगा की बोटीवर सगळ्यांत कमी डाइव्ह माझ्या आहेत. चांगला गाइड हे ऐकून सुटकेचा श्वास टाकतो, कारण बाकीचे दहा जण ‘मला सगळं येतं’ असंच सांगत असतात.

बोट लागण्याचं. आधी एसटीत घाटात उलटी होते का? होत असेल तर गृहीतच धरा. एव्होमिनसारख्या गोळ्या मिळतात, पण त्यांनी गुंगी येते, आणि गुंगीत डाइव्ह मारायची नाही. म्हणून कुठली घ्यायची हे डॉक्टरला विचारा आणि घरी असताना एकदा घेऊन बघा. पोटात ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी उलटीसोबत जाते, आधीच घ्यावी लागते. केबिन निवडता आली तर मधली, खालच्या मजल्यावरची घ्या, तिथं हेलकावा कमी. आलेपाक बाळगा. डोळे मोबाइलवर नको, क्षितिजावर ठेवा. आणि पाणी पीत राहा. सिलिंडरची हवा कोरडी असते, अंगातलं पाणी ओढते. आपल्याला तहान मारायची सवय फार. दारू शेवटची डाइव्ह झाल्यावर, आणि मालदीवला बाहेरून नेता येत नाही, मित्राच्या बॅगेतही नको.

राहणं मजेचं असतं. बोटीवर चढताना चपला काढून टोपलीत टाकतात, देवळासारख्या, आठवडाभर अनवाणी. सूटकेस नेऊ नका, केबिनमध्ये ठेवायला जागा नसते, घडी होणारी कापडी बॅग न्या. पहाटे सहाला घंटा, अर्धी पोळी-चहा, ब्रीफिंग, डाइव्ह, मग खरा नाश्ता, आणि हेच दिवसभर. डाइव्हिंगचं सामान मोठ्या बोटीवर नसतं. सोबत एक छोटी बोट चालते, सिलिंडर तिच्यावर भरतात आणि डाइव्हला तीच नेते. तिला तिकडं ‘धोनी’ म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मामाच्या विहिरीवरची गुरांना पाणी पाजायची दगडी डोण आठवली. नातं आहे की नाही, भाषेवाले जाणोत. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. शेंगदाण्याची चटणी आणि धपाटी न्या, पण जास्त न्या. पहिल्या जेवणाला डबा उघडला की पूर्ण टेबल तुमच्याकडं वळतं.

दोन खर्च लोक विसरतात. एक, विमा. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुधा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते. बारीक अक्षरं वाचा. डाइव्हिंगचा वेगळा विमा घ्या, ज्यात बेंड्स झाल्यावरचे दाबकक्षातले उपचार आणि बोटीवरून तिथवर नेण्याचा खर्च येतो. दुसरा, एक रात्र आधी मालेत पोचून हॉटेलात राहण्याचा. परभणीहून देवगिरी किंवा तपोवननं मुंबई, मग विमान, यात कुठंही उशीर होऊ शकतो. बोट म्हणजे लाल परी नव्हे, फाट्यावर हात केला की थांबायला. ती गेली की गेली.

आता मायचा प्रश्न, तो सगळ्यांत शहाणा आहे. प्रवाळबेटांच्या कड्यानं मधलं पाणी शांत ठेवलेलं असतं, मालदीवच्या बोटी बहुधा त्या आतल्या पाण्यात नांगर टाकून रात्र काढतात. मोठा पल्ला असला तरच रात्री चालतात. पण मायला माहीत नसलेला खरा धोका आगीचा आहे. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ नावाच्या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली, खालच्या मजल्यावर झोपलेले ३४ जण गेले. चौकशीत निघालं की रात्री फिरती गस्त घालणारं कुणी जागं नव्हतं. कॅमेरा, टॉर्च, पॉवर बँक, सगळ्यांत लिथियमची बॅटरी. ती रात्री केबिनमध्ये चार्जिंगला लावून झोपू नका, दिवसा, माणसं जागी असताना, ठरलेल्या जागीच लावा. बुकिंग करताना विचारा : रात्री गस्त असते का, खालच्या केबिनमधून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का. चढल्यावर पहिल्या संध्याकाळी ती दुसरी वाट स्वतः चालून बघा, डोळे मिटून एकदा.

मायला सांगा, रातच्याला बोट शांत पाण्यात नांगरून असती, आणि एक माणूस राखणीला जागा असतो. पहिलं आजच सांगा. दुसरं बोटवाल्यांचं लेखी उत्तर आल्यावर.

— तुमची ताई, छत्रपती संभाजीनगर